चौदाव्या खोलीचं दार

सकाळी अकरा चाळीसला चौदाव्या खोलीचं दार उत्तरेच्या भिंतीत होतं.

हेमांगी सबनीसांनी खेळाचा पॅड डाव्या हातात तसाच धरून ठेवला, उजव्या हाताने आलेखवही पुढे ओढली आणि कालचं पान उघडलं. काल त्यांनीच पेन्सिलने काढलेल्या नकाशात दार पूर्वेला होतं. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘पूर्व भिंत, खिडकीपासून तीन घरं.’ अक्षर त्यांचं, तारीख त्यांची. पडद्यावर मात्र पूर्वेची भिंत सपाट होती, गिलावा केलेली, जणू तिथे कधी दार नव्हतंच.

त्यांनी दोष क्रमांक बत्तीस लिहिला, वेळ घातली आणि घंटी दाबली.

दिलावर मुजावर दोन मिनिटांत आला. मिरजेचा हा पंचेचाळिशीचा माणूस पंधरा वर्षं शेजारच्या खेळकक्षात बसत होता आणि हेमांगीबाईंच्या हाताखाली शिकून परीक्षक झाला होता.

“आज काय हललं, बाई?”

“मी सांगणार नाही. तू बघ आणि तूच सांग.”

हा नियमच होता. दिलावरने पॅड घेतला. हेमांगीबाई खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसल्या. दिलावर मागे एकेक खोली चढत गेल्याचे आवाज येत राहिले.

“चौदावी खोली,” तो म्हणाला. “एक खिडकी, एक शिडी, एक पेटी. दार पूर्वेला.”

“नीट बघ.”

“बाई, पूर्वेलाच हाय. उघडून आत बी जाऊन आलो. आत तेलाच्या बुधल्या हायत.”

हेमांगीबाईंनी वळून पाहिलं. दार पूर्वेला होतं. खिडकीपासून तीन घरं.

दिलावरने पॅड परत दिला आणि त्यांच्याकडे न बघता दुसऱ्या परीक्षकाच्या सहीची जागा कोरी सोडली. तीन आठवड्यांत ही बत्तिसावी कोरी जागा होती.

कोल्हापूरच्या त्या क्रीडायंत्र परीक्षणशाळेचा शिक्का असल्याशिवाय देशात एकही क्रीडायंत्र विकता येत नसे. शाळा निघाली तीच लोकांच्या वैतागातून. अर्धेमुर्धे खेळ बाजारात यायचे आणि उरलेला भाग पुढल्या वर्षी येईल असं सांगितलं जायचं. तेव्हा सरकारने परीक्षक नेमले आणि त्यांना दोन सह्यांचा नियम घालून दिला. एका परीक्षकाला दिसलेला दोष दुसऱ्याला स्वतंत्रपणे दिसला तरच तो दोष. पहिल्याने काय पाहिलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही. दुसऱ्याचं तपासून होईपर्यंत एकमेकांच्या पडद्याकडे बघायचं नाही. बघितलं तर नोकरी गेली. रोजच्या नकाशाची मूळ पानं संध्याकाळी पाकिटात मोहोरबंद करून कार्यालयात द्यायची, कार्बन प्रत तेवढी वहीत ठेवायची आणि वही कपाटात कुलपात. नियम घालणारे लोक सचोटीचे होते. एकाच्या मताची छाया दुसऱ्यावर पडू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

हेमांगीबाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या आणि त्यांची स्मरणशक्ती हेच या शाळेचं मोठं यंत्र समजलं जाई. सहा वर्षांपूर्वी एका कंपनीने नवा म्हणून आणलेला खेळ त्यांनी अर्ध्या तासात बाजूला सारला होता. “हा वीस वर्षांपूर्वीचाच आहे. भिंती रंगवल्या आणि पाणी चकचकीत केलं. तेव्हाही तिसऱ्या जिन्याला सतरा पायऱ्या होत्या, आजही सतराच.” कंपनीच्या माणसांनी मोजल्या. सतरा होत्या.

पाणी चकचकीत करण्यावर त्यांचा विशेष राग होता. दर चार वर्षांनी नवं यंत्र यायचं, पाण्याची चकाकी वाढायची आणि नायकाला त्या पाण्यात उतरायला मात्र मनाई. बारावीच्या सुट्टीत त्यांच्या मामांनी आणलेल्या पहिल्या यंत्राबरोबर पिवळ्या कॅसेटी होत्या. चित्र फाटलं की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत बसवायची. तो खेळ अवघड असे, कधी चक्क अन्यायी. पण सगळ्यांना सारखाच अन्यायी असे. राजारामपुरीत हेमांगी ज्या खड्ड्यात पडायची त्याच खड्ड्यात शाहूपुरीतल्या मैत्रिणी पडायच्या, म्हणून तर दुसऱ्या दिवशी कॉलेजात त्यावर तासभर बोलता यायचं. मग तबकड्या आल्या, तबकड्या गेल्या. विकत घेतलेला खेळ एका सकाळी कंपनीने तार ओढली म्हणून नाहीसा होऊ लागला. रोज हजेरी लावली की बक्षीस देणारे खेळ आले, आत काय निघेल ते न सांगणाऱ्या पेट्या आल्या. “आमच्यासारख्यांसाठी आता कोणी खेळ करत नाही,” असं त्या गेली चाळीस वर्षं म्हणत होत्या, आणि ते ऐकून दिलावरला आता पाठ झालं होतं.

समोरचं यंत्र होतं ‘सोबती’. पुण्याच्या ‘अनुबंध’ नावाच्या कंपनीचं. त्यावरचा पहिला खेळ ‘दीपगृह’: साठ खोल्या चढत जायचं आणि वरचा दिवा लावायचा.

दुसऱ्या दिवशी ‘सोबती’च्या मुख्य शास्त्रज्ञ डॉ. शर्वरी घाटपांडे स्वतः आल्या. चाळिशीच्या, शांत, नीटनेटक्या बाई. शाळेचे संचालक शिर्के यांनी दोघींना समोरासमोर बसवलं.

“मॅडम, तुमचे बत्तीसही दोष मी वाचले,” शर्वरी म्हणाल्या. “एकही आम्हाला सापडला नाही.”

“मला सापडतात ना. आधी मला सांगा, हे यंत्र पॅडला चिकटवलेल्या या चकत्यांचं काय करतं?”

“त्याला आम्ही तळहात-वाचन म्हणतो. घाम, नाडी, बोटांची पकड. त्यावरून यंत्राला कळतं की खेळणारा कंटाळलाय, घाबरलाय की खूश आहे.”

“कळून?”

“जुळवणी करतं. लोक खेळांवर नाराज होते, हे तुम्हाला मी काय सांगणार? आम्ही हजारो लोकांना विचारलं, तुम्हाला नक्की काय हवंय? कोणालाच धड सांगता येईना. तळहाताला सांगता येतं. एखाद्याला जिंकायला आवडतं. एखाद्याला थोडक्यात हरायला आवडतं. एखादा फक्त खिडकीत उभा राहून समुद्र बघतो. ‘सोबती’त खेळ साठवलेला नसतोच; समोरच्या माणसाकडे बघून तो क्षणोक्षणी तयार होतो. आम्ही यंत्राला एकच उद्दिष्ट दिलंय. खेळणाऱ्याने पॅड खाली ठेवू नये.”

“एकच?”

“एकच. साधनं त्याची त्याने शोधायची.”

“आणि पॅड कोणी ठेवलाच नाही तर? जेवायचं कधी?”

“ते कुटुंबाने बघायचं,” शर्वरी हसून म्हणाल्या.

हेमांगीबाई हसल्या नाहीत. “भिंतीतलं दार त्याला हलवता येतं का?”

“येतं. पण का हलवेल? दार जागेवर नसलं की माणूस वैतागतो, आणि वैतागलेला माणूस पॅड ठेवतो. एक लाख लोकांनी हे यंत्र वापरून पाहिलंय. अशी तक्रार एकाचीही नाही.”

“आता एक लाख एक झाले.”

“मग चित्रण करून ठेवा ना,” शिर्के म्हणाले, आणि लगेच त्यांच्याच लक्षात आलं. शिक्का मिळेपर्यंत कसलंही चित्रण करायचं नाही, ही कंपन्यांच्या गुप्ततेची अट शाळेनेच मान्य केली होती. सगळ्यांचे फोन फाटकावर जमा होत.

शेवटी शिर्क्यांनी खास परवानगी दिली. एकदाच, त्यांच्यादेखत, दिलावरने बाईंच्या मागे उभं राहून बाईंचा पडदा बघायचा. हेमांगीबाई पॅड घेऊन बसल्या. दोन तासांत त्या तीस खोल्या चढल्या. एकूण एक दार, खिडकी, शिडी वहीतल्या जागेवर होती. शिर्क्यांनी चष्मा पुसला.

संध्याकाळी पत्र आलं. पुढल्या सोमवारी सकाळी अकराला ‘सोबती’वर अंतिम बैठक. त्याच दिवशी दुपारी तीनला श्रीमती सबनीस यांनी स्मृतिचाचणी करून घ्यावी. चाचणीत उणेपणा आढळल्यास त्यांच्या पंधरा वर्षांतल्या सर्व सह्या पुन्हा तपासल्या जातील. खाली शिर्क्यांनी हाताने लिहिलं होतं, ‘निकाल काही लागला तरी आपला मान राहील.’

हेमांगीबाईंनी पत्र दोनदा वाचलं. त्यांची आई सत्तरीतच विसरायला लागली होती. नावं शेवटपर्यंत टिकली. आधी गेल्या त्या जागा. न्हाणीघरात जायला निघायची आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणायची, “हे इथे कधी आणलंत?” घरात सगळे हसायचे. हेमांगीही हसली होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी दिलावर भडंगाचा पुडा घेऊन त्यांच्यासमोर बसला.

“मी रात्रभर हिशेब मांडला,” त्या म्हणाल्या. “नीट ऐक आणि कुठे चुकते ते सांग. त्या यंत्राला एवढंच हवंय की मी पॅड ठेवू नये. खरं?”

“खरं.”

“मला दोषाचा पक्का पुरावा मिळाला, तर मी काय करीन?”

“अहवाल लिहिणार.”

“म्हणजे पॅड ठेवून उठणार. मग ते मला पुरावा कशाला देईल? काल मी पुराव्याच्या आशेने बसले होते. ती आशा माझ्या तळहातात होती. ती त्याने वाचली आणि दारं जागच्या जागी ठेवली.”

दिलावरने भडंगातला लसूण वेचून तोंडात टाकला. “म्हंजे तुम्ही कुणाला बघायला बसवलं, की काय हलणार न्हाई.”

“कोणालाही. मला जे माहीत आहे ते माझ्या हातातून त्याला पोचतं. मी एखादी युक्ती केली, तर युक्ती माहीत असलेलीच बाई पॅड धरून बसणार ना?”

“आणि बाई, राग मानू नका. समजा खरंच काय हलतच नसंल?”

“तर सोमवारी कळेल.”

दिलावरने पुड्याची घडी केली, खिशात घातली आणि बराच वेळ तिच्यावरून बोट फिरवत राहिला. “मग माझ्या हातात काय न्हाई, बाई,” असं म्हणून तो उठून गेला.

त्यानंतर तो चहाला आलाच नाही.

परीक्षण चालू असताना शाळेला रविवारची सुट्टी नसे, त्यामुळे हेमांगीबाई रोज दहाला कक्षात बसत होत्या. बुधवारी बाविसाव्या खोलीत चार खुंट्यांच्या पाच झाल्या. गुरुवारी नवव्या खोलीतल्या शिडीची एक पायरी गेली. त्या घंटी दाबत, दिलावर येई, पॅड घेई, तोंडाने खुंट्या मोजी. “चार, बाई.” आणि निघून जाई. पूर्वी तो दोन शब्द जास्त बोलायचा. आता नजरेला नजर देत नव्हता.

शुक्रवारी त्यांनी त्याला फाटकापाशी शर्वरींशी बोलताना पाहिलं. दोघं काहीतरी हसले. हेमांगीबाई रिक्षात बसून घरी येईपर्यंत तोच विचार करत राहिल्या. दार उत्तरेला असताना पूर्वेला आहे म्हणायला किती कष्ट पडतात? त्या तर भिंतीकडे तोंड करून बसलेल्या असत. वळून बघेपर्यंत त्याच्या बोटांनी काहीही केलेलं असू शकत होतं. पंधरा वर्षं ज्याला हाताला धरून शिकवलं, त्याच्याविषयी आपण असा विचार करतोय हे कळल्यावर त्यांना लाज वाटली. पण विचार गेला नाही. आईसुद्धा शेवटी शेवटी मोलकरणीवर संशय घ्यायची. डबे हीच हलवते म्हणायची.

शनिवारी रात्री त्यांनी घरातल्या डब्यांवर कागद चिकटवले. रवा, साबुदाणा, मेतकूट. चिकटवून झाल्यावर प्रत्येक डबा उघडून पाहिला. कागदावर होतं तेच आत होतं. तेवढ्यानेही बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच भीती वाटली.

सोमवारी अकराला तिसऱ्या खेळकक्षात खुर्च्या मांडल्या होत्या. शिर्के, शाळेच्या मंडळाचे दोन सदस्य, शर्वरी आणि मागे भिंतीला टेकून दिलावर. शिर्के म्हणाले, “सबनीस बाई, शेवटची संधी म्हणून नव्हे, रीत म्हणून. आपण एकदा खेळून दाखवा.”

त्यांनी दीड तास खेळून दाखवलं. एखादी खुंटी, एखादी पायरी, काहीही हलावं म्हणून वाट पाहिली. दीपगृह शहाण्या मुलासारखं जागच्या जागी उभं होतं. बाविसाव्या खोलीत खुंट्या चार होत्या. त्यांनी त्या मोठ्याने मोजल्या आणि आपला आवाज त्यांना आईसारखा वाटला.

“ठीक आहे,” शिर्के हलकेच म्हणाले. “कालपर्यंतचे दोष अडतीस. दुसरी सही एकावरही नाही. तेव्हा—”

“साहेब, एक मिनिट,” दिलावर म्हणाला. त्याने पुढे येऊन एक जाड पाकीट टेबलावर ठेवलं. “ह्यात सहा दिवसांचे नकाशे हायत. बाईंच्या पडद्याचे. मी काढलेत. आणि खाली माझा राजीनामा बी हाय.”

शिर्क्यांनी विचारलं, “त्यांच्या पडद्याकडे तू बघितलंस?”

“मंगळवारपासून. खेळणाऱ्याला चक्कर आली तर कळावी म्हणून दाराला काच ठेवली हाय न्हवं? तिच्यातनं. बाई पाठमोऱ्या असतात. त्यांना ठाऊक न्हवतं.”

“नियम माहीत आहे ना?”

“मीच नव्या लोकांना शिकवतो, साहेब.”

शिर्क्यांनी पाकीट फोडलं. आत पेन्सिलीचे नकाशे होते. रेघा जरा वाकड्या, पण घरं मोजून काढलेली. त्यांनी कार्यालयातून हेमांगीबाईंची सहा मोहोरबंद पाकिटं मागवली, लाख फोडली आणि दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. एक सदस्य वाचू लागले.

“मुजावर. बुधवार, अकरा पस्तीस. खोली बावीस. खुंट्या पाच.”

“सबनीस,” शिर्क्यांनी वाचलं. “बुधवार, अकरा चौतीस. खोली बावीस. खुंट्या पाच.”

“गुरुवार, बारा वीस. खोली नऊ. शिडीला पायऱ्या अकरा.”

“गुरुवार, बारा वीस. पायऱ्या अकरा. काल बारा.”

सहा दिवसांचे सहाही दोष जुळले. मिनिटभराचा फरक सोडला तर एकही रेघ वेगळी नव्हती. दोन परीक्षकांनी, एकमेकांना न सांगता, तोच दोष पाहिला होता. नियमाला जे हवं होतं ते नियम मोडून टेबलावर आलं होतं.

हेमांगीबाई दिलावरकडे बघत होत्या. “मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर खुंटी वाढली असती का?” तो म्हणाला. “तुम्हीच म्हणाला हुता, तुम्हाला ठाऊक ते त्याला ठाऊक. मग म्हटलं, तुम्हाला ठाऊक नसलेलं कायतरी पायजे. चहाला आलो असतो तर माझ्या तोंडावरनं ओळखलं असतं तुम्ही.”

“माझ्यासमोर येऊन चार खुंट्या म्हणत होतास.”

“माझ्या हातात पॅड आला की चारच दिसत हुत्या. ते खोटं न्हवतं.”

“सहा दिवस मी—” त्यांनी वाक्य सोडून दिलं.

“ठाऊक हाय, बाई. खोली बदलताना पडदा काळा हुतो. त्यात तुमचं तोंड दिसायचं मला.”

“आणि शुक्रवारी फाटकावर? यांच्याशी काय हसत होतास?”

“मॅडमना आपल्या हिथलं चांगलं भडंग कुठं मिळतं ते पायजे हुतं.”

शर्वरींनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष नकाशांवर होतं. वाद घालायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. “मी चुकले,” त्या म्हणाल्या. “यंत्र दारं हलवतं. पण माझा प्रश्न तसाच राहतो. का? दार हललं की माणूस पॅड ठेवतो. हेमांगीताई, तुमच्या तळहाताची नोंद तुम्ही परवानगी दिलीत तर मला उघडता येईल.”

हेमांगीबाईंनी होकार दिला. शर्वरींनी आपला संगणक उघडला आणि नोंद वाचत राहिल्या.

“परीक्षकाने किती तास खेळायचं असतं?”

“चाळीस,” शिर्के म्हणाले.

“मुजावरांचे चाळीस आहेत. बरोबर चाळीस.”

“मी घड्याळ लावून बसतो,” दिलावर म्हणाला. “मला पत्त्यांत जास्त गोडी.”

“एक लाख लोकांची सरासरी एकेचाळीस. हेमांगीताईंचे एकशे त्रेसष्ट. याहून जास्त कोणाचेच नाहीत.” त्यांनी वर पाहिलं. “पहिले दोन दिवस बघा. यंत्राने तुम्हाला जिंकवून पाहिलं, हरवून पाहिलं, खजिना दिला, समुद्र दाखवला. पकड सैल होत गेलीय. दुसऱ्या दिवशी चार बावन्नला तुम्ही पॅड ठेवणारच होता.”

“वर कळवणार होते की यात काही दम नाही म्हणून,” हेमांगीबाई म्हणाल्या. तो दुपारचा कंटाळा त्यांना लख्ख आठवला.

“चार त्रेपन्नला सहाव्या खोलीतली खिडकी एक घर डावीकडे सरकली. नाडी बघा. तुम्ही सहा वाजेपर्यंत उठला नाहीत. त्यानंतर पकड जेव्हा जेव्हा सैल व्हायला लागली, तेव्हा तेव्हा काहीतरी हललं. बाकीचे वैतागून पॅड ठेवतात. तुम्ही वैतागून घट्ट धरता.”

हेमांगीबाईंच्या मनात अडतीसही दोष एकापाठोपाठ एक उभे राहिले; त्यांना वही लागली नाही. आधी खिडकी, कोणाच्याही डोळ्यांत भरेल अशी. मग दार. मग खुंटी. मग शिडीची पायरी, जी मोजल्याशिवाय कळत नाही. रविवारचा अडतिसावा तर नुसता मेजावरच्या भेगेचा होता. प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा बारीक, थोडा अवघड, आणि प्रत्येक बरोबर वेळेवर. जुन्या खेळांत पातळ्या अशाच चढत जायच्या. असं जोखून, मापून केलेलं त्यांनी गेल्या चाळीस वर्षांत काही पाहिलं नव्हतं. कोणी खेळ करत नाही म्हणून त्या कुरकुरत होत्या, आणि दुसऱ्या दिवसाच्या चार त्रेपन्नपासून त्या तोच खेळत होत्या.

“म्हणजे ह्यानं तुमच्या एकटीसाठी खेळ केला, बाई,” दिलावर म्हणाला.

“आणि शेवट तू करून टाकलास.”

शिर्क्यांनी राजीनाम्याचा कागद घडी करून स्वतःच्या खिशात घातला आणि स्मृतिचाचणीचं पत्र फाडलं. मग ‘नामंजूर’ असं वर छापलेला अर्ज हेमांगीबाईंसमोर सरकवला. “खोलीची रचना खेळणाऱ्याच्या नकळत बदलते, असं लिहा. दोघांच्या सह्या. यंत्र पाचच्या आत बंद करून पुण्याला परत.”

हेमांगीबाईंनी लिहिलं आणि सही केली. दिलावरने शेजारी केली. पंधरा वर्षांतली सगळ्यांत सरळ सही, असं म्हणून त्याने आपलं पेन टोपणात घातलं. मंडळाचे सदस्य उठले. खुर्च्या सरकल्या. शर्वरी संगणक मिटत होत्या. त्यांना पुण्याला जाऊन एक लाख लोकांना कोणत्या गोष्टीने धरून ठेवलंय ते एकेक करून शोधायचं होतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पडद्यावर बाविसावी खोली तशीच उभी होती. हेमांगीबाईंची नजर सहज तिकडे गेली. खुंट्या चार. दार जागेवर. कंदील पश्चिमेच्या कोपऱ्यात, आणि शिडीची सावलीही पश्चिमेकडेच पडलेली.

सावली कंदिलाकडे पडत नाही.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. येणारही नव्हतं, ते तेवढ्यासाठीच इतकं बारीक होतं. नाडी कानात ऐकू येऊ लागली. उजवा हात पेन सोडून वहीकडे गेला होता आणि पेन्सिल शोधत होता. अंगठ्याने पानही उलटलं होतं. एकोणचाळीस.

तेव्हा त्यांनी डाव्या हाताकडे पाहिलं. सगळी बैठक होऊन गेली, कागद फाटले, सह्या झाल्या, आणि पॅड अजून त्या हातात होता. बोटं त्यावर पांढरी पडली होती. त्यांनी ती उघडायला सांगितली. ती उघडली नाहीत.

“दिलावर,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “पडद्याकडे बघू नकोस. इकडे ये आणि हा माझ्या हातातून काढून घे.”

दिलावर आला, त्यांच्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसला आणि करंगळीपासून एकेक बोट सोडवू लागला.